गाढवपाठीवरचं पाणी

१

सोमवारी सकाळी पूजोलमावशी झाडू घेऊन सभागृहात शिरली आणि पुढच्याच क्षणी तिची आरोळी चौकापर्यंत ऐकू आली.

“अहो, धावा! कुणीतरी बहिरी घळ चोरली!”

चौकात कॉफी पीत बसलेल्या बासील रूकेतने कप खाली ठेवला. बहिरी घळ म्हणजे व्हेर्न नदीने डोंगर चिरून केलेली अरुंद वाट. ती चोरीला जायची सोय नव्हती. पण मोंत्रेसाकमध्ये आणखी एक बहिरी घळ होती, प्लॅस्टरची. प्रांत कचेरीच्या सभागृहात मोठ्या पलंगाएवढा उठावाचा नकाशा मांडलेला होता, त्याच्यातली. वर मेंढ्यांची ओसाड पठारं, खाली चेस्टनटच्या उतरणी, मधून निळी व्हेर्न. हा सगळा मुलूख लेओनी फाब्रेगबाईंनी स्वतःच्या हातांनी घडवला होता. शाळेत भूगोल शिकवता शिकवता, मुलींना घेऊन एकेक डोंगर चढून, उंच्या मोजून.

रूकेत पोचला तेव्हा बाई नकाशापाशी ताठ उभ्या होत्या. मोतीबिंदूने दोन्ही डोळे पांढुरके झालेले. नदी जिथे डोंगरात शिरते, तिथे पावाच्या लादीएवढं चौकोनी भोक पडलं होतं. भोवती पांढरी भुकटी.

“करवतीने कापलंय,” भोकाच्या कडांवरून बोट फिरवत बाई म्हणाल्या. “रागाने फोडलेलं असतं तर मला कमी दुःख झालं असतं.”

हे का घडलं, ते मोंत्रेसाकमध्ये शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. एक वीज कंपनी बहिऱ्या घळीत धरण बांधू पाहत होती. पेरालच्या खोलगटातली चार-दोन शेतं तेवढी बुडतील, शेजारच्या दरीतल्या लूबिएर गावाला पाणी शिवणारसुद्धा नाही, असं कंपनी शपथेवर सांगत होती. फाब्रेगबाईंनी भर बाजारात जाहीर केलं होतं, “गुरुवारच्या सभेत मी नकाशात पाणी ओतून दाखवते. कोण बुडतं आणि कोण तरतं, सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघा.”

आणि गुरुवारची ती सभा शेवटची होती. क्रांतीच्या धामधुमीत देशाचे जिल्हे पडले, दहा वर्षांनी जिल्ह्यांचे उपविभाग पडले, तेव्हापासून मोंत्रेसाक हा उपविभाग होता. राजे गेले, सम्राट गेले, या मुलखाला कुणी हात लावला नाही. आणि आता, १९२६च्या सप्टेंबरात, पॅरिसहून काटकसरीचा हुकूम निघाला होता. महिनाअखेर उपविभाग रद्द. प्रांत कचेरी बंद, कोर्ट बंद. पुढचे सगळे निर्णय डोंगरापलीकडे बेलकासला होणार होते. लूबिएर कुठे आहे, हे तिथे नकाशात शोधावं लागलं असतं.

रूकेत मोंत्रेसाक कोर्टाचा तपास न्यायाधीश होता. त्याचंही पद गुरुवारपर्यंतच होतं. तो भोक बघत असतानाच कोर्टाचा शिपाई तार घेऊन आला. बेलकासच्या सरकारी वकिलांनी लिहिलं होतं, ‘नवीन प्रकरणं नोंदवू नयेत.’ पूजोलमावशीच्या आरोळीपेक्षा ही तार जास्त वेगाने आली होती.

“म्हणजे काय करायचं, साहेब?” शिपायाने विचारलं.

“त्यांना कळवा की तार मिळाली,” रूकेत म्हणाला. “आणि प्रकरण नोंदवा.”

मग तो गुडघ्यांवर बसला. भुकटी भोकाखालीच होती. पण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, लूबिएरच्या बाजूला, जमिनीवर काही पांढरे ठिपके होते. त्याने नखाने एक उचकटला. तो भुकटीचा नव्हता. थेंब होता, वाळून दगड झालेला.

करवतीने भुकटी पडते. थेंब पडत नाहीत.

२

“रविवारी इथे कोण होतं?” त्याने पूजोलमावशीला विचारलं. कचेरीची सगळी देखभाल तिच्याकडे होती. तोंडही तिचं दिवसभर चालू असायचं.

“कोण म्हणजे? प्रांतसाहेब तर वरच राहतात. ते इंजिनियर व्होक्लेर आठवडाभर पाहुणे म्हणून मुक्कामाला. आणि नगराध्यक्ष काब्रोल रात्री जेवायला. मेंढीचं मटण केलं होतं मी. शेवटचंच म्हणून जरा जास्त लसूण घातला.”

“आणि सभागृहाची किल्ली?”

“जिन्याखाली खुंटीला. शंभर वर्षं तिथंच आहे. कोण नेणार सभागृह?” एवढं बोलून ती एकदम भडकली. “ते राहू द्या. माझी मोरी कोण उपसणार ते सांगा! सकाळपासून तुंबलीय. वरच्या खोल्यांचं पाणी येतं ना, त्या नळीत काहीतरी अडकलंय. काठी घातली तर टणटण वाजतंय.”

“टणटण?”

“दगडावर मारल्यासारखं.”

रूकेतने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि मोरीपाशी बसून नळीचं तोंड खरवडलं. हातात आलेला खडा त्याने रुमालात गुंडाळला. ओलं प्लॅस्टर मोरीत ओतलं की तिथेच थिजतं, हे ओतणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तिघांपैकी कुणी वर हात धुतले होते?

काब्रोल त्याच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यात भेटला. आडवा माणूस, आवाज त्याहून आडवा.

“नकाशा मी फोडला, असं म्हणायचंय तुला? अरे, लहानपणी आपण एकाच बाकावर बसायचो, बासील!”

“म्हणून तर सरळ विचारतोय. धरण तुला हवंय.”

“हवंय! वीज आली नाही तर दोन वर्षांत हा कारखाना बसेल. निम्मं मोंत्रेसाक कशावर जगतं? उपविभाग गेला, कोर्ट गेलं, आता हेही जाऊ दे?” त्याने ओलं कातडं दांडीवर फेकलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पण लूबिएरला माझी आई पुरलीय. तिथं पाणी येणार असतं तर मी धरणाच्या कागदावर सही केली असती का? इंजिनियरने मला आकडे दाखवलेत.”

इंजिनियर व्होक्लेर कॅफेत जेवत होता. त्याने काटाचमचाही खाली ठेवला नाही.

“शाळेतल्या मास्तरणीच्या खेळण्याला मी का घाबरेन? ओतू दे तिला. चार घागरी ओतू दे.”

“तुम्हाला पाणी कुठे थांबेल ते माहीत आहे तर.”

“मला सगळ्या उंच्या माहीत आहेत, न्यायाधीश महाराज. तो माझा धंदा आहे.” तो हसला. “तुमचा धंदा मात्र गुरुवारपर्यंतच, नाही का?”

रूकेतही हसला. “हो. म्हणून घाईत आहे.”

३

प्रांतसाहेब गास्तों लेर्बिए खिडकीपाशी उभे राहून जलरंगात चौकाचं चित्र काढत होते. वय पस्तिशीचं, हात गोरे, बोलणं मऊ. मोंत्रेसाकमध्ये त्यांना दोन वर्षं झाली होती आणि कधी एकदा सुटतो असं त्यांना झालंय, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“फार वाईट झालं. बाईंची इतक्या वर्षांची मेहनत,” ते म्हणाले. “कुणी केलं असेल? पेरालचे शेतकरी?”

“ते का करतील? नकाशा त्यांच्याच बाजूचा आहे.”

“हो, तेही खरंच.” त्यांनी कुंचला धुतला. “गुरुवारचा कार्यक्रम मात्र व्हायला हवा. लोकांच्या मनात शंका राहू नये. तुकडा मिळेल, असं मला वाटतं. या वस्तू कुठे लांब जात नाहीत.”

“तुमची पुढची नेमणूक कुठे?”

“पॅरिसजवळ कुठेतरी. अजून नक्की नाही.” ते लाजल्यासारखे हसले.

रूकेत परत सभागृहात आला. तिथे फाब्रेगबाई एकट्या बसल्या होत्या. त्याने खुर्ची ओढली आणि थेंब त्यांच्या तळहातावर ठेवला.

“बाई, हा तुमचा?”

“माझा थेंब इतक्या वर्षांनी जमिनीवर कसा असेल? पूजोल रोज फरशी घासते.”

“भोक बहिऱ्या घळीत आहे. हा मात्र लूबिएरच्या बाजूला पडला होता. सकाळपासून आपण सगळे भोकाकडे बघतोय. म्हणून म्हणतो, तुम्ही बाकीचा नकाशा बघा. हातांनी.”

बाई उठल्या. त्यांची बोटं पठारावरून सरकत खाली उतरली, पेरालच्या खोलगटात फिरली, मग गाढवपाठीवर चढली. पेराल आणि लूबिएर यांच्यामधला हा लांबट डोंगर. त्याच्या मध्यावर एक उतार होता, गाड्या इकडून तिकडे जायची खिंड. तिथे बोटं थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा आली.

“इथे गार लागतंय,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि बोट अडतंय. माझा नकाशा तेलाने घोटलेला आहे, बासील, कातड्यासारखा मऊ. ही खिंड माझी नाही. ही वर आलीय.”

“किती?”

“बोटभर. पण खरोखरच्या डोंगरात हे बोट म्हणजे चर्चच्या घुमटाएवढं.”

रूकेतने खिंडीवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग त्याला सगळं एकदम दिसलं. चोराला पाणी ओतणं थांबवायचं नव्हतंच. ते व्हावं, हीच त्याची इच्छा होती.

४

“विचार करा, बाई,” तो म्हणाला. “खरी खिंड धरणाच्या भिंतीपेक्षा खाली आहे. तळं भरलं की पाणी खिंडीतून पलीकडे सांडणार आणि लूबिएर बुडणार. खिंड उचलली की पाणी अलीकडेच थांबतं. गुरुवारी सगळ्यांसमोर तुम्ही स्वतः ओतणार आणि लूबिएर कोरडं राहणार. कंपनीची बाजू तुमच्याच हातून सिद्ध!”

“मग घळ कशाला कापली?”

“नवं प्लॅस्टर म्हणजे वास आला, सांडलवंड आली, पांढरे डाग आले. कुणीतरी विचारलंच असतं, हे कुठून आलं? आता कुणी विचारत नाही. सगळ्यांना भोक दिसतंय.”

बाईंनी खिंडीवर नख रोवलं. “आत्ताच उपटून टाकते.”

“नाही. उपटलं तर कंपनी म्हणेल, भोक पडलेल्या नकाशावर कोण विश्वास ठेवतो? आणि कोणी केलं ते कधीच कळणार नाही. मला उद्याचा दिवस द्या.”

मंगळवारी दुपारी रूकेत कॅफेत गेला. काब्रोल आणि व्होक्लेर एकाच टेबलाशी बसले होते. इंजिनियरची मोटार दाराशी तयार होती. तो पेरालला निघाला होता आणि रात्री तिथल्याच तंबूत राहणार होता.

“तुकडा मिळाला नाही तरी हरकत नाही,” रूकेत सहज म्हणाला. “बाई भोकात चिकणमाती भरणार आहेत. पाणी ओतलं जाणारच.”

“ओतू द्या,” व्होक्लेर म्हणाला आणि मोटारीत बसून गेला.

काब्रोल नुसता गुरगुरला. “ओत म्हणावं एकदाचं. मलाही बघायचंय.”

तिथून रूकेत प्रांतसाहेबांकडे गेला. चेहरा पाडून.

“साहेब, वाईट बातमी. बाई म्हणतात, मूळ तुकडा नसेल तर पाणी ओतणार नाही. मातीचं भरलं तर कंपनी हरकत घेईल. गुरुवारी नुसती भाषणं होतील.”

लेर्बिएंच्या हातातला कुंचला कागदावरच थांबला. रंगाचा डाग पसरत गेला.

“अरेरे. पण लोकांना दिसायला हवं होतं हो. तुम्ही समजवा त्यांना.”

“समजावलं. त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत. तुकडा असता तर गोष्ट वेगळी.”

बुधवारी सकाळी पूजोलमावशी धापा टाकत कोर्टात आली. तिच्या कडेवर तान्ह्या मुलासारखं काहीतरी होतं, गोणपाटात नीट गुंडाळलेलं.

“तबेल्यात घोड्याच्या गव्हाणीत होतं! सोमवारी मी स्वतः गव्हाण साफ केली तेव्हा तिथे काही नव्हतं. बघा तरी, एक टवकाही उडालेला नाही.”

रूकेतने गोणपाट उघडलं. बहिरी घळ.

“मावशी,” तो म्हणाला, “आता तुम्ही लोकर-सुया घ्या आणि सभागृहात विणत बसा. कुणालाही नकाशाजवळ येऊ देऊ नका. प्रांतसाहेबांनासुद्धा.”

“त्यांना कसं अडवू?”

“उद्यानंतर ते तुमचे साहेब नाहीत.”

मावशीने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. “अगोबाई, हो की!”

५

गुरुवारी सभागृहात मुंगीला वाट नव्हती. पाचही तालुक्यांचे सभासद आले होते. लूबिएरचं तर सगळं गावच खाली उतरलं होतं. काळ्या कपड्यांत, कुणाच्या तरी अंत्ययात्रेला आल्यासारखं. रूकेत भिंतीशी उभा होता. खिशात बेलकासची दुसरी तार. ती त्याने वाचलीच नव्हती.

फाब्रेगबाईंनी तुकडा जागेवर बसवला, फटी मातीने बुजवल्या, घळीत भिंत उभी केली. कंपनीच्या नोटिशीत होती तेवढीच उंच. मग त्यांनी सुरई कलती केली.

पेरालची शेतं गेली. जुनी गिरणी गेली. पाणी गाढवपाठीला टेकलं, खिंडीकडे चढत गेलं आणि खिंडीखाली थांबलं. घळीत ते भिंतीच्या काठाला लागलेलं होतं. लूबिएर कोरडं होतं.

सभागृहातून एक सुस्कारा निघाला. लूबिएरच्या बायका रडायला लागल्या, सुटल्याच्या आनंदाने. काब्रोलने घाम पुसला.

“झालं समाधान?” लेर्बिए मृदूपणे म्हणाले. “बाईंचे आभार मानू आणि मतदान घेऊ.”

“थोडं थांबा, साहेब,” रूकेत पुढे आला. “नकाशा मोडणाऱ्याचं नाव अजून सांगायचंय मला.”

“हे सभेचं काम नाही. आणि बेलकासहून तुम्हाला पुन्हा स्पष्ट सूचना आलीय...”

“माझ्या खिशातली तार मी अजून उघडलेली नाही. तिच्यात काय आहे ते तुम्हाला कसं कळलं?”

रूकेत शांतपणे बोलत राहिला. थेंबांबद्दल, मोरीतल्या खड्याबद्दल. “रविवारी या घरात तिघे होते. मंगळवारी मी दोघांना सांगितलं, पाणी ओतलं जाणारच. एकालाच सांगितलं, तुकडा नसेल तर नाही. आणि बुधवारी तुकडा परत आला. एक टवकाही न उडता. त्याच्यावाचून पाणी अडलंय, असं फक्त प्रांतसाहेबांना वाटत होतं.”

“मूर्खपणा!” लेर्बिएंचा आवाज प्रथमच चढला. “पाणी ओतलं जावं असं वाटणं हा गुन्हा आहे?”

“नाही. का वाटत होतं, ते बघू.” त्याने काब्रोलच्या हाती चाकू दिला. “सिल्वां, तू लूबिएरच्या वाटेने हजार वेळा कातडी आणलीस. ही खिंड बघ. आणि वरचं खरवड.”

काब्रोल वाकला. चाकूचं टोक हिरव्या रंगाखाली गेलं आणि ओलसर प्लॅस्टरची खपली पापुद्र्यासारखी सुटून आली. खाली जुनी, घोटलेली, तुकतुकीत खिंड होती.

पाणी तिथे क्षणभर थरथरलं. मग एक बारीक धार पलीकडे उतरली. लूबिएरच्या गल्लीतून गेली, चर्चला वळसा घातला आणि दफनभूमी भरून टाकली.

काब्रोल त्या पाण्याकडे बघतच राहिला. मग तो हळूहळू इंजिनियरकडे वळला.

“माझी आई आहे तिथं,” तो म्हणाला. “तुला सांगितलं होतं मी.”

व्होक्लेरने खुर्ची मागे सारली. “मी नकाशाला हात लावलेला नाही. बाई काय दाखवणार आहेत ते मी प्रांतसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ते माझ्यावर सोडा.”

“खुर्ची मिळणार होती ना पॅरिसजवळ?” पूजोलमावशी मागून किंचाळली. “आणि माझी मोरी?”

लेर्बिए पांढरेफटक पडले होते, पण मान ताठ होती. “रूकेत, तुमचं कोर्ट उद्या असणार नाही. मला हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही.”

“उद्या नाही,” रूकेत म्हणाला. “आज आहे.” आणि त्याने अटकेच्या हुकमावर सगळ्यांसमोर सही केली.

मतदान झालं. पाचही तालुक्यांनी धरणाविरुद्ध हात वर केले. सगळ्यात आधी वर गेला तो काब्रोलचा हात.

६

सरकारने सरकारसारखंच केलं. लेर्बिएंना बेलकासला नेलं, तिथे प्रकृतीचं कारण पुढे आलं आणि खटला रेंगाळला. शुक्रवारी मोंत्रेसाक उपविभाग उरला नाही. आठवड्याभरात जाहीर झालं की धरणाची चौकशी नव्याने होईल. यावेळी बेलकासला. रद्द झालेल्या सभेचा ठराव तिथे चालणार नव्हता. हरकत फक्त बाधित गावच्या रहिवाशालाच घेता येणार होती.

रूकेतला बदलीचा हुकूम आला. उत्तरेकडे, समुद्राजवळ, बढतीसकट. त्याने तो वाचला आणि राजीनामा लिहून पाठवला. संध्याकाळी काब्रोल दाराशी उभा.

“वेडा झालास का? आता राहशील कुठे?”

“तेच विचारायला तुझ्याकडे येणार होतो.”

काब्रोलने खिशातून एक गंजकी किल्ली काढली. “लूबिएरला आईचं घर बंद आहे. छप्पर गळतं. चुलीचा धूर आत येतो. तुझ्यासारख्याला चालेल.”

“आणि तुझा कारखाना?”

“बसला तर बसला. वीज आणायच्या दुसऱ्या वाटा शोधू. आईच्या अंगावरून आणलेली नको मला.”

ऑक्टोबर सरता सरता कंपनीची मोटार गाढवपाठीची खिंड उतरून लूबिएरमध्ये आली. व्होक्लेर खाली उतरला. बरोबर मोजणीची माणसं, लाल खुंट्यांची मोळी. चर्चसमोर पहिली खुंटी ठोकायला त्यांनी हातोडा उचलला.

कोपऱ्यावरच्या घराचं दार उघडलं. रूकेत बाहेर आला, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, हात चेस्टनट सोलून काळे झालेले.

“तुम्ही?” व्होक्लेर थक्क झाला. “आता कोणत्या अधिकाराने?”

“रहिवाशाच्या,” रूकेत म्हणाला. “माझी हरकत आहे.”

शेजारचं दार उघडलं. फाब्रेगबाई काठी टेकत उंबऱ्यात आल्या. मोंत्रेसाकमधली खोली सोडून त्याही इथे राहायला आल्या होत्या.

“माझीही,” त्या म्हणाल्या.

मग पलीकडचं दार वाजलं, त्याच्या पलीकडचं, मग गल्लीच्या वरच्या टोकाचं. हातोडा अजून हवेतच होता. मोजणीच्या माणसाने इंजिनियरकडे पाहिलं, मग दारादारांत उभ्या माणसांकडे, आणि हातोडा हळूच खाली घेतला.